बोरिवली ऐकू येत नाही : ठाण्यातल्या एका हॅम स्टेशनची हकीकत

मी पहिल्यांदा ताईंच्या घरी गेलो तेव्हा रेडिओवर क्रोशाचा रुमाल होता आणि रुमालावर कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका. रेडिओ वापरात नसल्याची याहून स्पष्ट खूण नाही. ताईंनी पत्रिका बाजूला ठेवली, रुमालाची घडी घातली, बटण दाबलं आणि ७ मेगाहर्ट्झचा पट्टा लावला. "ऐका. चार महिने मी नुसता समुद्र ऐकतेय."

समुद्रच होता. अखंड खर्रर्र, आणि त्यात दर दोन-तीन मिनिटांनी एक वेगळी किरकिर चढायची, दहा-बारा सेकंद टिकायची आणि तटकन थांबायची. सिग्नलची ताकद 'एस'च्या घरांत दाखवणारा मीटर एस-८च्या खाली यायला तयार नव्हता. मधूनच कुणीतरी बोलत असल्याचा भास व्हायचा, लग्नाच्या हॉलमध्ये लांबच्या पंगतीतलं बोलणं कानावर पडावं तसा. शब्द एकही नाही.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय, कारण सोसायटीच्या फ्लॅटमध्ये हॅमचं, म्हणजे परवाना घेऊन एकमेकांशी बोलायच्या हौशी रेडिओचं, स्टेशन मांडणारा माणूस ज्या खड्ड्यांत पडतो, त्यातले बहुतेक या एकाच घरात होते. काही आधीपासूनचे, एक-दोन मी येऊन खणलेले.

ताईंना बोलायचं होतं कुणाशी

ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. केबलचे जोड, बॅटरी रूम, पावसाळ्यात तुंबणारी चेंबरं यांत त्यांची नोकरी गेली. सोल्डरिंग माझ्यापेक्षा चांगलं करतात, हे इथेच कबूल करून टाकतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री त्या ड्यूटीवर होत्या. मोबाइल आधी गेले, मग लँडलाइनही एकेक करून बंद पडत गेल्या. थोरले भाऊ बोरिवलीला. ते घरी पोहोचले की नाही, हे कळायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उजाडली. "लोकांचे फोन जोडून देण्यात माझा जन्म गेला आणि मला माझ्या दादाचा फोन लागेना," हे त्या आजही त्याच सुरात सांगतात.

निवृत्तीनंतर बहीण-भावाने हॅमची परीक्षा दिली ती यासाठी. परवाना देते केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा; त्यामागे १९७८ची नियमावली आहे. दादांनी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स घेऊन-देऊन जनरल ग्रेड मिळवली, म्हणून त्यांचं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, व्हीयू२ने सुरू होतं. ताई म्हणाल्या, "कडकट्ट आता माझ्या बोटात बसणार नाही," आणि मोर्स नसलेली रिस्ट्रिक्टेड ग्रेड घेऊन व्हीयू३ झाल्या. शॉर्टवेव्हवर रिस्ट्रिक्टेडला मर्यादा ५० वॅटची, जनरलला ४००ची. हे आकडे पुढे लागणार आहेत.

दोघांनी आधी हातातले छोटे सेट घेतले, १४५ मेगाहर्ट्झचे. ठाणे ते बोरिवली सरळ रेषेत जेमतेम बारा किलोमीटर, म्हणजे अंतर काहीच नाही. पण मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आणि ठाण्याच्या बाजूने बघायचं तर येऊरचे डोंगर. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. ताईंना कल्याण, डोंबिवली बाल्कनीतूनही मिळायची. बोरिवली मात्र दादांनी उंचावर अँटेना चढवूनही नाही. सिग्नल नसताना रेडिओला गप्प ठेवणारा स्क्वेल्च कधी क्षणभर उघडायचा आणि नुसतं 'खस्स' व्हायचं. डोंगराखालून मोटारींसाठी जुळ्या बोगद्याचं काम चाललंय, ताईंनी मला गंभीर चेहऱ्याने विचारलं, "त्यातून जाईल का हो?"

मग कुणीतरी सांगितलं, शॉर्टवेव्हचा मोठा रेडिओ घ्या. घेतला. निवृत्तीच्या पैशातला चांगला लचका तोडून. अँटेना म्हणून बाल्कनीच्या ग्रिलवर सहा-सात मीटर तार वेटोळी घालून बांधली. त्यावर समुद्र ऐकू यायला लागला, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी सांगितलं, ॲम्प्लिफायर लावा. इथे ताई थांबल्या आणि मला फोन केला. थांबल्या ते फार बरं झालं. एक तर त्यांच्या परवान्यात तो बसत नाही. दुसरं म्हणजे, ज्याला ऐकूच येत नाही त्याने आणखी मोठ्याने ओरडून काय होणार?

कमिटी

पाचपाखाडीतली सात मजली इमारत, ताई तिसऱ्या मजल्यावर. गच्ची साधारण २२ मीटर बाय १४. एका टोकाला लिफ्टची मशीन रूम, दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी, मध्ये डिश अँटेनांची रांग, सोलर हीटर आणि कपड्यांच्या दोऱ्या. अँटेनाच्या दृष्टीने उत्तम. पण परवाना सरकारचा असला तरी गच्ची सोसायटीची असते. परवान्याचा कागद दाखवला की गच्चीचं कुलूप उघडेल, असं समजून गेलेले लोक मी परत येताना पाहिलेत.

कमिटीच्या मीटिंगला मी ताईंबरोबर गेलो. सेक्रेटरींनी सुरुवातच केली, "मॅडम, बाकी काही सांगा, टॉवर नको." दुसऱ्या मजल्यावरचे एक काका मोबाइल टॉवरबद्दलची कात्रणं फाइलला लावून आले होते. मी समजावायला लागलो. ५० वॅट, तेही बोलत असू तेवढाच वेळ. सप्टेंबर २०१२पासून आपल्याकडे मोबाइल टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली आहे, वगैरे. दहा मिनिटं बोललो. कुणी ऐकत नव्हतं. खरं तर मी उत्तर देत होतो ते न विचारलेल्या प्रश्नाचं.

खरा प्रश्न खजिनदारांनी विचारला. ते तोवर हिशोबाच्या वहीत डोकं घालून बसले होते. "भोकं कुठे कुठे पाडणार?"

दोनच वर्षांपूर्वी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं होतं. प्रत्येक फ्लॅटकडून वर्गणी, सातव्या मजल्यावरच्यांशी भांडणं, कंत्राटदार दोनदा बदलला. ती जखम ओली होती. ताई माझ्याआधी म्हणाल्या, "स्लॅबला नाही, कठड्याला नाही. एकही भोक नाही. खांब सिमेंट भरलेल्या डब्यात उभा राहील." खजिनदारांनी वही मिटली. पुढच्या दहा मिनिटांत ठराव झाला: परवान्याची प्रत द्यायची, गच्चीचं काम निघालं तर स्वखर्चाने काढायचं, तार डोक्याला लागेल इतकी खाली नको आणि परवानगी एक वर्षाची. कात्रणवाल्या काकांनी विरोध नोंदवला. तो रीतसर नोंदवून घेतला.

गच्चीवर काही बसवायचं असेल तर माझा सल्ला आता एवढाच असतो: आधी गळतीबद्दल बोला.

तार

ताईंना हवा होता साधा अर्धलहरी डायपोल. त्याची लांबी मीटरमध्ये काढायची तर १४२.६ला मेगाहर्ट्झने भागायचं. ७.१ मेगाहर्ट्झला वीस मीटर, म्हणजे मधल्या जोडापासून दोन्हीकडे दहा-दहा. लोहार चाळीतून अडीच स्क्वेअर एमएमची घराच्या वायरिंगची वायर आणली, कारण ती कुठेही मिळते आणि ओढ सोसते. मात्र वायरीवर प्लास्टिकचं आवरण असलं की अँटेना सूत्रापेक्षा थोडी खालच्या फ्रिक्वेन्सीला लागते. मध्य उंच आणि दोन्ही टोकं उतरती अशी उलट्या व्हीसारखी बांधली तर आणखी थोडी. म्हणून आम्ही मुद्दाम जास्त, १०.३ मीटरचे हात कापले. तार कापता येते, वाढवायला जोड द्यावा लागतो.

मध्य जमिनीपासून, म्हणजे गच्चीच्या लादीपासून, आठ मीटर. टोकं अडीच मीटरवर, कपडे वाळत घालणाऱ्या हाताला लागणार नाहीत अशी. अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला लागते ते आलेखातल्या दरीने दाखवणारं, नॅनोव्हीएनए नावाचं तळहाताएवढं यंत्र लावलं तर दरी दिसली ६.७८ मेगाहर्ट्झला. मग गुणाकार: १०.३ गुणिले ६.७८ भागिले ७.१. आलं ९.८४. म्हणजे दोन्हीकडून ४६ सेंटिमीटर कमी. एकदम नाही, आधी तीस, मग दहा, मग कात्रीने बोटं बोटं. प्रत्येक वेळी दोन्ही टोकं खाली घ्यायची, कापायचं, वर चढवायचं. मार्चचं ऊन, चार फेऱ्या, आणि वर जाताना प्रत्येक वेळी सातव्या मजल्यावरून "झालं का हो?" शेवटी एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप (१ म्हणजे काहीच नाही), १.३ला बसला. तो १.५ असला तरी परत येते फक्त चार टक्के शक्ती, त्यामुळे १.१साठी आणखी ऊन खाण्यात अर्थ नव्हता.

१४ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे वीस मीटर लहरीच्या पट्ट्यासाठी त्याच जोडाला पाच-पाच मीटरचे आणखी दोन हात लावले. ते लावल्यावर पहिलं माप हललं. हलतंच.

केबल गच्चीवरून डक्टमधून तिसऱ्या मजल्यापर्यंत, मोजून तीस मीटर. ताईंनी आरजी-५८ ही बारीक कोॲक्स, म्हणजे मधली तार आणि तिच्याभोवती जाळी असलेली केबल, आधीच आणून ठेवली होती, दोन्ही रेडिओंसाठी. ७ मेगाहर्ट्झला तीस मीटरमध्ये ती एक-सव्वा डेसिबल खाते, ते चालतं. १४५ मेगाहर्ट्झला तीच केबल सहाच्या आसपास खाते, म्हणजे शंभरातले पंचवीसच वर पोहोचतात. तिथे जाडी आरजी-२१३ घातली. तीही निम्मी शक्ती खाते, पण निम्मी तरी पोहोचवते. डक्टमधून केबल सोडायचं काम ताईंनी केलं. मी दोरी धरून उभा होतो.

किरकिर

आता माझी पहिली चूक. गच्चीवर सर्वांत उंच जागा कुठली, तर लिफ्टच्या मशीन रूमचं छत. अँटेना जितकी उंच तितकी चांगली, हे पाठ असल्यामुळे खांब तिथे उभा केला. वीस लिटरच्या रंगाच्या डब्यात काँक्रीट, साधारण ४८ किलो, त्यात पाइप, आणि आधाराला शिडीचा बांध. संध्याकाळी रेडिओ लावला. सिग्नल बाल्कनीपेक्षा कितीतरी मोठे होते. आणि गोंगाट एस-८वरून एस-९वर गेला होता.

ताई काही बोलल्या नाहीत. चहा ठेवायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही गोंगाटाची चौकशी सुरू केली. आधी घरापासून. फ्लॅटचा मेन स्विच पाडला, रेडिओ बॅटरीवर लावला. मीटर एक घर खाली आला. म्हणजे एक एस-युनिट ताईंच्या स्वतःच्या घरातून येत होतं. एकेक एमसीबी वर करत गेलो. पहिला चोर रेडिओचाच पॉवर सप्लाय निघाला, सीसीटीव्हीवाले वापरतात तो जाळीच्या डब्यातला एसएमपीएस. असा सप्लाय सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो आणि आत नीट फिल्टर नसेल तर ती खरखर तारांवाटे बाहेर पडते. दुसरा चोर राउटरचा ॲडॅप्टर. ताईंनी जुना, ट्रान्सफॉर्मरवाला १३.८ व्होल्टचा सप्लाय शोधून आणला, लोणच्याच्या बरणीएवढा आणि तिच्याहून जड.

पण ती चढणारी किरकिर राहिलीच. खिशातला छोटा ट्रान्झिस्टर घेऊन मी गच्चीवर फिरलो. मशीन रूमच्या दाराशी तो नुसता भुंकायला लागला. खात्री करायला वॉचमन काकांना लिफ्टमध्ये बसवलं आणि फोन चालू ठेवला. "चाललो वर," काका म्हणाले, आणि किरकिर सुरू. "थांबली," म्हणाले, आणि तटकन बंद. बारा फेऱ्या मारल्या, बाराही जुळल्या. चौथ्या फेरीपासून काका रंगात आले होते, "आता बघा, आता खाली!" हल्लीच्या लिफ्टची मोटर थेट विजेवर चालत नाही, ड्राइव्हवर चालते. ड्राइव्ह विजेचे तुकडे करून मोटरचा वेग सांभाळतो. लिफ्ट झटका न देता थांबते ती त्यामुळे, आणि शॉर्टवेव्हचा सत्यानाश होतो तोही त्यामुळे. आणि मी ताईंची अँटेना नेमकी त्याच्या डोक्यावर बसवली होती.

लिफ्टला हात लावायचा नाही, हे पहिल्यापासून पक्कं होतं. ती आपली नाही आणि त्यात जीव असतात. मेंटेनन्सच्या मेकॅनिकला फक्त सांगितलं. त्याने पाहिलं तर मोटरच्या केबलचं एक अर्थिंग सैल होतं, ते आवळलं. गोंगाटात तसूभर फरक पडला नाही, पण सेक्रेटरींच्या लेखी ताईंचा भाव वाढला.

मग खांब उचलला आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीवर नेला. मशीन रूमपासून चौदा मीटर. तिथे गच्चीची रुंदी कमी पडत होती, म्हणून दोन्ही हात सरळ रेषेत न ठेवता थोडे आत वळवले. पुस्तकातल्या आकृतीत असं नसतं. एसडब्ल्यूआरची दरी वीसेक किलोहर्ट्झ सरकली, ती तशीच ठेवली. गोंगाट एस-७.

उरला तो केबलचा. कोॲक्सच्या आतून सिग्नल जातो, पण जाळीची बाहेरची बाजू ही स्वतःच एक लांब तार असते. डक्टमध्ये ती लिफ्टच्या, इंटरकॉमच्या, केबल टीव्हीच्या वायरींना खेटून तीस मीटर उतरते आणि त्यांची सगळी खरखर गोळा करून वर मधल्या जोडापाशी आत सोडते. यावर उपाय चोक. ३१ नंबरच्या मटेरियलच्या मोठ्या फेराइट रिंगवर कोॲक्सचेच अकरा-बारा वेढे. एक मधल्या जोडापाशी, एक खिडकीपाशी. वेढे ताईंनी घातले, एकावर एक न चढवता, शेजारी शेजारी, खात्यातल्या शिस्तीने. घरातली साफसफाई धरून मीटर एस-५वर आला.

एस-८वरून एस-५. एका एस-युनिटला सहा डेसिबल, म्हणजे अठरा डेसिबल. गोंगाटाची शक्ती साठ पटींहून जास्त घटली. याउलट ५० वॅटवरून ४०० वॅटवर जाणं म्हणजे अवघे नऊ डेसिबल, मीटरवर दीड घर. ॲम्प्लिफायरने ताईंचा आवाज दुसऱ्याला थोडा मोठा ऐकू आला असता; दुसऱ्याचा आवाज त्यांना ऐकू आला असता, असं नाही. दोन फेराइट रिंगा आणि डबा उचलायची मेहनत, एवढ्यात हे झालं.

त्या रविवारी सकाळी कोल्हापूर, सोलापूर, नागपूर एकामागोमाग एक आले. दुपारी ऊन चढलं की आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा डी थर लहरी शोषतो आणि हा पट्टा सुस्तावतो. चारनंतर पुन्हा जागा होतो. ताईंनी लॉगबुकात पहिल्या दिवशी घड्याळातली वेळ लिहिली, मग जगभर एकच चालणारी यूटीसी लिहायची असते हे आठवून सगळ्या नोंदींतून साडेपाच तास वजा करत बसल्या.

पाऊस

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात विजा कडकडायला लागल्या की ताई केबल खिडकीबाहेरच्या डब्यातच सोडवून ठेवतात, खोलीत लोंबकळत ठेवत नाहीत. वर गच्चीवर विजेचा धक्का जमिनीत वळवणारा अरेस्टर आहे, तो इलेक्ट्रिशियनकडून इमारतीच्या वीजरोधकाच्या पट्टीला जोडून घेतलाय. पण थेट वीज पडली तर कुठलाही अरेस्टर रेडिओ वाचवत नाही. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसातही हाच नेम.

माझी दुसरी चूक पावसाने काढली. जुलैमध्ये ताईंचा फोन आला, "एसडब्ल्यूआर सुधारलाय. पूर्ण पट्टाभर १.२. पण कुणी ओ देत नाही." मला आधी आनंदच झाला. मग पोटात गोळा आला. काही न करता सुधारलेला एसडब्ल्यूआर ही आजाराची खूण असते. केबल ओली झाली की ती शक्ती पिऊन टाकते. जाताना पिते, परत येतानाही पिते. खाली मीटरला परत आलेलं काही दिसतच नाही, म्हणून तो समाधानाने १.२ दाखवतो.

वर चढून पाहिलं. मधल्या जोडापाशी कोॲक्सचं उघडं तोंड मी पीव्हीसी टेप गुंडाळून बंद केलं होतं, तेही आकाशाकडे बघणारं. पाणी वातीत तेल चढावं तसं जाळीत शिरलं होतं. तांबं मीटरभर काळं पडलेलं. तेवढी केबल कापली, नवा जोड केला, त्यावर ताणून बसवायची, स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप आणि तिच्यावर पीव्हीसी. तोंड खाली वळवलं. खिडकीत शिरण्याआधी केबलला एक झोका दिला, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं. ताई एवढंच म्हणाल्या, "आमच्या खात्यात असा जोड केला असता ना, तर मेमो मिळाला असता."

त्याच महिन्यात समोरच्या फ्लॅटमधल्या आजी विचारत आल्या, आमच्या इंटरकॉममधून नाक चोंदलेला माणूस बोलतोय, तो कोण? त्या ताईच होत्या, १४ मेगाहर्ट्झवर. शॉर्टवेव्हवर हॅम ज्या एकपट्टी (एसएसबी) पद्धतीने बोलतात, तो आवाज इंटरकॉमच्या भोळ्या सर्किटला असाच गेंगाणा ऐकू येतो. आजींच्या इंटरकॉमच्या वायरीला क्लिपवाले तीन फेराइट लावले, आवाज गेला. आजींना थोडी रुखरुखच लागली.

बॅटरीचंही एक सांगायला हवं, कारण २००५ची रात्र डोक्यात ठेवून हे सगळं चाललंय आणि त्या रात्री वीज नव्हती. ताईंनी बाल्कनीतल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून रेडिओपर्यंत सहा मीटर वायर ओढली, अडीच स्क्वेअर एमएमची, डायपोलमधून उरलेली. ऐकताना सगळं ठीक. बोलायला लागल्या आणि "हॅलो"वर जोर दिला की रेडिओ बंद पडायचा. ५० वॅटला तेरा-एक अँपिअर लागतात. जाऊन-येऊन बारा मीटर त्या वायरीत व्होल्टपेक्षा थोडं जास्तच हरवतं. बॅटरीचे १२.४ रेडिओपाशी सव्वाअकरा होतात आणि असे रेडिओ पावणेबाराच्या खाली कुरकुरतात. दहा स्क्वेअर एमएमची वायर घातली, दोन्ही टोकांना फ्यूज, आणि वीज गेली की इन्व्हर्टर बंद ठेवायचा, कारण त्याचा स्वतःचा गोंगाट लिफ्टला लाजवील असा.

बोरिवली

सोलापूर मिळत होतं, नागपूर मिळत होतं. बोरिवली ७ मेगाहर्ट्झवरही नाही. दादा वैतागले होते, कारण त्यांच्या गच्चीवर उत्तम उभी अँटेना होती आणि तिच्यावर त्यांना युरोप मिळत होता.

घोळ तिथेच होता. उभी अँटेना क्षितिजाकडे फेकते, डोक्यावर जवळजवळ काहीच नाही. आणि डोंगरापलीकडे पोहोचायचं तर वरूनच जावं लागणार. दिवसा आयनोस्फिअरचा एफ थर ७ मेगाहर्ट्झची लहर सरळ वर पाठवली तरी परत खाली पाठवतो; ती कारंजाच्या पाण्यासारखी भोवतालच्या चारशे-पाचशे किलोमीटरवर पडते, डोंगरासकट. त्यासाठी दोन्हीकडे आडवी तार हवी, आणि फार उंच नको. ताईंच्या डायपोलखाली आठ मीटरवर स्लॅबमधल्या सळ्यांचं जाळं आहे, ते त्यांच्या कामी आलं असावं. दादांना मी फोनवर सांगितलं, तुमच्या गच्चीवरही असाच एक साधा डायपोल बांधा. "एवढी महागाची अँटेना असताना कपड्याची दोरी बांधू?" ते म्हणाले. पंधरा दिवसांनी बांधली.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ताईंनी कॉलसाइन दिलं. मी शेजारी बसलो होतो, पोहे हातात. उत्तर इतकं स्वच्छ आलं की ताईंनी दचकून आवाज कमी केला.

"अगं, तू काय शेजारच्या खोलीत बसलीयेस का?"

ताईंनी काहीतरी नियमाप्रमाणे बोलायचा प्रयत्न केला, सिग्नल रिपोर्ट वगैरे. मग बटण सोडलं, पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा दाबलं. बारा किलोमीटरवरच्या भावाला आवाज पोहोचवायला तो अडीचशे-तीनशे किलोमीटर वर चढून परत खाली येत होता. लॉगबुकात नोंद आहे: ०२४०, ७ मेगाहर्ट्झ, पाच-नऊ, म्हणजे शब्द स्पष्ट आणि सिग्नल जोरदार. शेरा या रकान्यात फक्त 'दादा'.

पण हे चोवीस तास चालत नाही, आणि ते दोघांनाही माहीत असायला हवं. रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत एफ थर विरळ होतो, सरळ वर गेलेली ७ मेगाहर्ट्झची लहर मग त्यातून आरपार निघून जाते. एकदा हट्टाने पहाटे पाचला प्रयत्न केला: दूरदेशीचे आवाज खणखणीत, बोरिवली कान लावला तर कुजबुजीइतकी. त्या वेळेसाठी ३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा हवा, म्हणजे चाळीस मीटर तार, आणि ती २२ बाय १४च्या गच्चीत सरळ मावत नाही. वाकवून, दुमडून कशी बसवायची याचं एक चित्र ताईंनी फुलस्केपवर काढलंय.

ते चित्र सध्या फाइलमध्ये आहे. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर आहे, परवानगीचा ठराव पुन्हा मांडायचाय आणि या वेळी कमिटीसाठी कात्रणवाल्या काकांनीही अर्ज भरलाय. ताईंनी त्यांना रविवारी सकाळी आठला पोह्यांना बोलावलंय.